स्टॉकहोमच्या संग्रहालयातला बुद्ध : व्हायकिंगांच्या मुलखात हा पोचला कसा?

मेलारकाठची

बाबा साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आलेत. घरात बसून कंटाळले होते, म्हणून गेल्या रविवारी त्यांना इथल्या ऐतिहासिक संग्रहालयात नेलं. व्हायकिंग म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे शिंगांची टोपी, कुऱ्हाड आणि पेटलेलं गाव. तलवारी, भाले बघत पुढे सरकत होतो, तर एका काचेपाशी थबकले. चपला काढतायत की काय असं वाटलं मला, पण नुसते हात जोडले. आत वीतभरसुद्धा नसलेला बुद्ध. ब्राँझचा, कमळावर मांडी घालून बसलेला, उंची ८.४ सेंटीमीटर.

स्टॉकहोमजवळ मेलारेन तळ्यात हेल्गो नावाचं बेट आहे. तिथे विल्हेल्म होल्मक्विस्ट यांच्या उत्खननात १९५६ साली हा सापडला. घडवलेला सहाव्या शतकाच्या सुमारास, आपल्या उपखंडाच्या वायव्येकडे, आता पाकिस्तानात असलेल्या स्वातच्या खोऱ्याच्या बाजूला. गंमत म्हणजे त्याच बेटावर आयर्लंडच्या कुठल्यातरी बिशपच्या दंडाची मूठ सापडली आणि इजिप्तमधलं एक ओगराळंही. म्हणजे हे बेट आहे की जुना बाजार?

बाबांचे प्रश्न दोन. ह्याला इथं आणलं कुणी? आणि आणून ह्या लोकांनी त्याचं केलं काय? मी "व्यापार" असं एका शब्दात उत्तर दिलं, ते त्यांना पटलेलं नाही. रोज चहाच्या वेळी तोच विषय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

नुसताच_वाचक

जागा धरून ठेवतो. पॉपकॉर्न आहेत.

दर्यावर्दी

बाबांना नमस्कार सांगा. प्रश्न साधा वाटतो, पण त्यात एक मेख आहे. इंग्लंडमधल्या लिंडिसफार्नच्या मठावर धाड पडली ७९३ साली, आणि व्हायकिंग काळ साधारण तिथून धरतात. हेल्गोचा बाजार त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. आठव्या शतकात शेजारच्याच बेटावर बिर्का नावाचं व्यापारी गाव वसलं आणि हेल्गोचं महत्त्व ओसरलं. बुद्ध व्हायकिंगांनी आणला, की त्यांच्या पणजोबांच्या काळापासून तिथे होता, हे मूर्तीच्या वयावरून सांगता येत नाही. माझ्याकडे आजोबांचं घड्याळ आहे. उद्या माझं घर उकरलं, तर मी १९४० साली जगत होतो असं कुणी म्हणू नये.

मार्गाचं मात्र बरंच ठाऊक आहे. स्वीडनकडच्या लोकांची तोंडं पश्चिमेपेक्षा पूर्वेला जास्त होती. बाल्टिक ओलांडून रशियातल्या नद्यांत शिरायचं, एका नदीतून दुसरीत जाताना होड्या जमिनीवरून ओढायच्या, व्होल्गाने खाली उतरायचं. पलीकडे अरबांची चांदी. गॉटलंड बेटावर स्पिलिंग्सच्या एका शेतात १९९९ साली जो ठेवा सापडला त्यात ६७ किलो चांदी होती. नाणी १४,२९५, आणि त्यातली बहुतेक अरबी दिरहम. खझार म्हणजे कास्पियन समुद्राकडचं, ज्यू धर्म घेतलेलं राज्य. त्यांच्या एका नाण्यावर तर "मुसा हा ईश्वराचा प्रेषित" असं कोरलेलं. म्हणजे मुसलमानी नाण्याची नक्कल करून त्यावर ज्यू मजकूर घातलेला, आणि ते पुरलं कुणी, तर थॉरला मानणाऱ्यांनी!

नाणं म्हणून त्यांना त्याची किंमत नव्हती. वजनावर घ्यायचे, लागलं तर कापायचे, सुरीने टोचून कस बघायचे. आपण सराफाकडे मोड घालतो ना, तसं.

स्कंदनाभीय

सगळे कुंपणावर बसून बोलतायत. सरळ सांगा ना, स्कँडिनेव्हिया म्हणजे स्कंदनाभी. स्कंद हा देवांचा सेनापती, हे लोकही लढवय्ये. बुद्ध तिथे "पोचला" नाही, संस्कृतीच तिथे होती. ओस्लोला ओसेबर्गच्या जहाजात एक बादली आहे. तिच्या कडीच्या बुंध्याशी पद्मासनात बसलेली आकृती आणि छातीवर स्वस्तिकं. ह्यावर काय म्हणणं आहे?

पाणिनीचा_पाहुणा

म्हणणं एवढंच की त्या न्यायाने "स्वीडन" म्हणजे "स्वेदन". सौना तिथे सुरू झाला असणार :)

आता गंभीरपणे. बादली खरी आहे, तिला गमतीने "बुद्धाची बादली" म्हणतातही. पण तिच्यावरचं मिनाकाम आयर्लंडच्या पद्धतीचं आहे, आणि अशा बैठ्या आकृत्या तिकडच्या कलेत येतात. मांडी घालून बसणं हा आपला मक्ता नाही. स्वस्तिकाचंही तेच.

असल्या घाईने तज्ज्ञसुद्धा फसतात. २०१७ साली बातमी आली होती की व्हायकिंगांच्या कबरीतल्या कापडाच्या पट्टीवर "अल्लाह" विणलेलं आहे. जगभर छापून आलं. मग इस्लामी कलेच्या अभ्यासक स्टेफनी मल्डर यांनी दाखवून दिलं, की ज्या चौकोनी वळणाचं अक्षर म्हणताय ते वळण आलंच मुळी पाचेकशे वर्षांनंतर. आणि शब्द पुरा करायला पट्टीचा जो भाग हवा, तो कापडावर नाहीच, कल्पनेने जोडलेला.

पंचगंगाकाठ

पाहुण्यांना +१.

आमच्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर चाळीसच्या दशकात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी खणलं, त्याच टेकडीवर ब्राँझच्या भांड्यांबरोबर पोसायडन सापडला. ग्रीकांचा समुद्रदेव, रोमन व्यापारातून आलेला. लहानपणी टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये बघितलाय, हात वर केलेला. मास्तर म्हणाले, "हा समुद्राचा देव." आमच्यातला एकजण म्हणाला, "मग पंचगंगेवर काय करतोय?" त्याला तिथल्या तिथे एक ठेवून दिली.

आता त्यावरून कोल्हापूरकर पोसायडनची पूजा करत होते असं कुणी म्हणत नाही. उलट इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ साली हस्तिदंताची बाई सापडली, भोकरदन आणि तेरच्या मूर्तींची बहीण शोभेल अशी. म्हणून पॉम्पेई मराठवाड्यात येत नाही. वस्तू माणसांपेक्षा लांब जातात, स्कंदनाभीय साहेब. धर्म त्यांच्याबरोबर जातोच असं नाही.

स्कंदनाभीय

मी फक्त प्रश्न विचारला.

नुसताच_वाचक

"मी फक्त प्रश्न विचारला" ह्या वाक्याचंच उत्खनन व्हायला हवं. दर तिसऱ्या धाग्यात सापडतं.

खंबायती

आम्ही तीन पिढ्यांचे बडोद्याचे मराठी, त्यामुळे मला ह्यात बोलायचा हक्क आहे.

इंग्लंडमध्ये डर्बीशायरला रेप्टन नावाचं गाव आहे. व्हायकिंगांची मोठी फौज ८७३-७४ च्या हिवाळ्यात तिथे तळ देऊन होती. तिथल्या उत्खननात एक केशरी-लाल मणी निघाला. अकीक. कॅट जारमन ह्या पुरातत्त्वज्ञ बाईंनी त्याचा माग पूर्वेकडे काढला, तो बहुधा गुजरातपर्यंत जातो. बिर्काच्या कबरींतही असे मणी आहेत.

खंबातला अकीक अजूनही हाताने घडवतात. मी एका कारागिराकडे तासभर बसलो होतो. जमिनीत लोखंडी टोकदार सळई तिरकी रोवलेली. डाव्या हातात दगड, तो त्या टोकाला टेकवायचा आणि उजव्या हातातल्या हातोडीने वरून हलकेच टकटक. टवका उडतो तो हातोडीकडून नाही, खालच्या टोकाकडून. हातोडीचं डोकं लोखंडाचं नसतं, म्हशीच्या शिंगाचं असतं. लोखंडाने दगड फुटतो. मूळ दगड मळकट पिवळा असतो. उन्हात तापवून, मग मडक्यात घालून भाजला की लाल होतो. काका म्हणाले, "आच जास्त झाली की गेला. पापडासारखं आहे."

तात्पर्य, व्हायकिंगांच्या टोपीला शिंग नव्हतं, पण गळ्यातल्या मण्याला शिंग लागलेलं असू शकतं.

मेलारकाठची

खंबायती, हे बाबांना वाचून दाखवलं. पापडाला मान डोलावली.

यॉर्ककर

इतके उच्च प्रतिसाद चाललेत, माफ करा, पण व्हायकिंग पुरातत्त्वातला माझा लाडका शोध वेगळा आहे. यॉर्कमध्ये १९७२ साली, जिथे लॉइड्स बँक उभी राहणार होती तिथे, एक वस्तू सापडली. लांबी २० सेंटीमीटर. अकराशे वर्षं जुनी. एका व्हायकिंग माणसाची, काय म्हणू आता, सकाळची कामगिरी. अखंड.

तिथल्या योर्विक ह्या व्हायकिंग संग्रहालयात काचेत ठेवली आहे. पोराला घेऊन गेलो तर बाकी सगळं सोडून अर्धा तास तिथेच. तपासणीतून कळलं की गृहस्थ मांस आणि पाव खात, भाजीपाल्याशी वैर, आणि पोटात जंतांची वसाहत. एका तज्ज्ञांनी तिची तुलना राजघराण्याच्या जडजवाहिराशी केली होती. २००३ साली कुणाच्यातरी हातून पडून तिचे तीन तुकडे झाले, मग रीतसर चिकटवली.

पंचगंगाकाठ

चिकटवणाऱ्याने घरी काय सांगितलं असेल, "आज ऑफिसात काय केलं?" ह्यावर?

कोथरूडची_काकू

जेवताना धागा उघडला होता. धन्यवाद.

यॉर्ककर

काकू, सॉरी! पण एक बघा, यॉर्कमधल्याच कॉपरगेटचं उत्खनन १९७६ ते ८१ चाललं, त्यात चाळीस हजारांच्या आसपास वस्तू निघाल्या. कंगवे, चामड्याचे जोडे, लाकडी वाट्या, एक विणलेला मोजासुद्धा. जमीन ओली आणि हवाबंद, म्हणून कुजलं नाही. राजांच्या कबरीतून तलवार मिळते, पण मोजा कोण पुरणार? माणसं कशी जगायची ते उकिरड्यातून कळतं.

झाशीची_वारस

राजांच्या कबरी म्हणालात म्हणून. बिर्कातली बीजे ५८१ नावाची कबर १८७८ मध्ये यालमार स्टोल्पे यांनी उकरली. तलवार, कुऱ्हाड, भाला, बाण, ढाली, दोन घोडे, खेळाच्या सोंगट्या. शंभरावर वर्षं "योद्धा पुरुष" म्हणून पुस्तकांत. २०१७ मध्ये डीएनए तपासला, तर बाई निघाली. आणि मग ज्यांनी शंभर वर्षं शंका घेतली नव्हती त्यांना अचानक शंका फुटल्या. हाडं बदलली असतील, शस्त्रं नवऱ्याची असतील. पुरुष होता तेव्हा शस्त्रं बायकोची असतील असं नाही कुणाला सुचलं ते.

दर्यावर्दी

ताई, टोमणा मान्य. पण जुडिथ जेश यांच्यासारख्या जाणत्या बाईंनीही सबुरीचा सल्ला दिला होता, त्यांना पुरुषी अहंकार म्हणता येणार नाही. शस्त्राशेजारी पुरलं म्हणजे शस्त्र चालवलं असं होत नाही, हा मुद्दा पुरुषांच्या कबरींनाही लागू आहे.

झाशीची_वारस

तो पुरुषांच्या कबरींना लावून दाखवा आधी, मग बोलू.

दर्यावर्दी

हे बरोबर आहे. माघार.

नुसताच_वाचक

आंतरजालावर कुणीतरी माघार घेतली. ह्या धाग्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

भौतिकभट

रेप्टनचा विषय वर येऊन गेला म्हणून थोडं माझ्या धंद्यातलं. तिथे एका ढिगाऱ्याखाली निदान २६४ माणसांची हाडं सापडली. सोबतची चांदीची नाणी ८७२ ते ८७५ ची. म्हणजे फौजेचीच माणसं, सरळ हिशेब. पण कार्बन-१४ ने (हाडातल्या कार्बनवरून वय काढायची पद्धत) काही हाडं त्याच्या एकदीड शतक आधीची दाखवली. झालं, वाद सुरू. फौज यायच्या आधीच माणसं मेलेली कशी?

उत्तर मासळीत होतं. समुद्राच्या खोल पाण्यातला कार्बन शिळा असतो, हवेतल्यापेक्षा सरासरी चारेकशे वर्षांनी जुना दिसतो. मासे तोच खातात, माणसं मासे खातात. तेव्हा पट्टीच्या मासेखाऊ माणसाचं हाड आहे त्यापेक्षा म्हातारं दिसतं. माणसांनी किती मासळी खाल्ली ते हाडांवरूनच काढून हिशेब दुरुस्त केला, आणि २०१८ मध्ये सगळी हाडं ८७३ शी जुळली.

दुसरी गोष्ट याहून देखणी. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला लान्स ओ मेडोज इथे हेल्गे आणि आन स्टिने इंगस्टाड ह्या नॉर्वेजियन जोडप्याने १९६० पासून व्हायकिंगांची वस्ती शोधली. कोलंबसाच्या आधीची हे नक्की, पण नेमकं साल? ९९३ मध्ये सूर्यावरून किंवा कुठून तरी किरणांचा मारा झाला आणि जगभरच्या झाडांच्या त्या वर्षीच्या कड्यात कार्बन-१४ उसळला. वस्तीतल्या धातूच्या हत्याराने तोडलेल्या लाकडांत ती उसळी सापडली. तिथून सालीपर्यंत कडी मोजली, २८. ९९३ अधिक २८, म्हणजे १०२१. तीन वेगवेगळ्या झाडांचं उत्तर एकच. "सुमारे" नाही, "अंदाजे" नाही. एक हजार एकवीस. २०२१ मध्ये हे छापून आलं, बरोबर हजार वर्षांनी.

मालवणी_खाजं

म्हणजे मी मेल्यावर माझं हाड शिवकालीन निघणार. बांगड्यांची कृपा.

भौतिकभट

सुरमई सोडलीत तर पेशवाईपर्यंत आणता येईल.

मालवणी_खाजं

नको, शिवकालीनच बरा.

जहाजांबद्दल कुणी बोललं नाही अजून. माझे मामा होड्या बांधायचे. जुन्या काळी आपल्या किनाऱ्यावर, गोव्यातही, फळ्या कडेला कड भिडवून काथ्याने शिवत. व्हायकिंग फळीवर फळी चढवत, कौलांसारखी, आणि लोखंडी खिळे ठोकून टोक पलीकडून वळवत. फळ्या करवतीने कापलेल्या नसत, ओक कुऱ्हाडीने आणि पाचरींनी उभा चिरलेला, म्हणून रेषा तुटत नाही. पातळ असूनही लाटेबरोबर लवते. डेन्मार्कमधल्या रॉस्किल्डच्या खाडीत १९६२ साली पाच जहाजं बाहेर काढली. शत्रूची वाट अडवायला स्वतःच बुडवलेली. त्यातलं सर्वांत लांब जहाज डब्लिनला १०४२ मध्ये बांधलेलं, हे लाकडावरूनच कळलं. तसंच दुसरं बांधून २००७ मध्ये लोक रॉस्किल्डहून डब्लिनला वल्हवत-शिडावर गेले. मामांना व्हिडिओ दाखवला, तर म्हणाले, "पोरांनी पाणी उपसायला कोण ठेवलाय ते दाखवलंच नाही."

ओस्लोची_ओवी

इथल्या जहाजांचं संग्रहालय नव्या इमारतीसाठी २०२२ पासून बंद झालं, त्याआधी मी चार वेळा बघून घेतलंय. दोन गोष्टी सांगते.

गोकस्टाडचं जहाज १८८० मध्ये निघालं. त्यात मृत सरदाराबरोबर बारा घोडे, कुत्रे, आणि मोर. हो, मोर. नॉर्वेच्या थंडीत! बुद्धाच्या बरोबरीने मला त्या मोराचं नवल वाटतं. मूर्ती थैलीत मावते. मोराला दाणापाणी करत, थंडीपासून जपत कुणी आणलं असेल?

दुसरी गोष्ट दुःखाची. ओसेबर्गचं जहाज १९०४ मध्ये उकरलं. दोन बायकांसाठी ८३४ साली पुरलेलं, कोरीव घसरगाड्या, चारचाकी गाडी, सगळं निळ्या चिकणमातीत टिकलेलं. ओलं लाकूड वाळताना आकसू नये म्हणून काही वस्तू तेव्हा तुरटीच्या गरम पाण्यात मुरवल्या. आपली तुरटी, दाढीनंतर लावायची. शंभर वर्षांत त्या तुरटीतून गंधकाम्ल तयार झालं आणि लाकूड आतून खाल्लं. बाहेरून सुबक नक्षी, आत भुगा. हजार वर्षं मातीने सांभाळलं ते आपण शंभरात घालवलं. म्हणून इथे नॉर्वेतच गेलेस्टाडला २०१८ मध्ये रडारवर जहाज दिसलं तेव्हा सगळे आधी गप्प झाले. उकरायचं की राहू द्यायचं? बुरशी लागलेली निघाली म्हणून उकरावंच लागलं.

कोथरूडची_काकू

जेवण झालंय, आता विचारते. इतकी चांदी, मणी, मोर घेतले, ते दिलं काय बदल्यात? लाकूड?

दर्यावर्दी

काकू, सगळ्यांनी टाळलेला प्रश्न तुम्ही विचारलात. केसाळ कातडी, मध, मेण, आणि माणसं. बिर्का, हेडेबी अशा व्यापारी गावांत लोखंडी बेड्या सापडल्यात. बगदादचा इब्न फदलान ९२२ मध्ये व्होल्गाकाठी ह्यांना भेटला. खजुराच्या झाडासारखे उंच, म्हणतो, आणि बरोबर विकायला आणलेल्या मुली. स्पिलिंग्सच्या त्या ६७ किलोत कुणाकुणाची किंमत वितळली आहे ते नाण्यावर लिहिलेलं नाही.

कोथरूडची_काकू

हं.

मेलारकाठची

धागा बाबांना पूर्ण वाचून दाखवला. यॉर्कचा प्रतिसाद गाळणार होते, त्यांनी दोनदा वाचायला लावला.

त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनीच काढलंय : "कुणी एकाने आणला नाही. हातोहात आला. प्रत्येकाने पुढच्याला काय सांगून विकला ते बघायला हवं होतं." दुसऱ्या प्रश्नासाठी मला परवा पुन्हा संग्रहालयात नेलं. मी आधी लिहायचं विसरले होते. मूर्ती सापडली तेव्हा तिच्या गळ्याभोवती आणि एका हाताला चामड्याची अरुंद पट्टी होती. बाबा म्हणतात, पट्टी बांधली म्हणजे कुणीतरी ती टांगत होतं नाहीतर अंगावर बाळगत होतं. वितळवून ब्राँझ करणं सोपं होतं, ते केलं नाही. देव कोणता ते माहीत नसेल, पण देव आहे एवढं कळलं असेल.

पाणिनीचा_पाहुणा

पुरावा तेवढ्यालाच आहे, आणि बाबा नेमके तेवढंच बोलले. काही तज्ज्ञांपेक्षा बरे. नमस्कार सांगा.

स्कंदनाभीय

बाबांशी सहमत. (बादलीबद्दल मत कायम.)

शनिवारची_शाळा

पूर्ण धागा वाचायला वेळ नाही. मुलाला फॅन्सी ड्रेसला व्हायकिंग करायचंय, शिंगांचं हेल्मेट आणून झालंय. चालेल का?

यॉर्ककर

शिंगं ऑपेराच्या कपडेपटातून आली, १८७६ मध्ये. स्कँडिनेव्हियात व्हायकिंग काळातलं जवळपास पूर्ण असं एकच हेल्मेट मिळालंय, नॉर्वेत येर्मुंडबूला १९४३ मध्ये मिळालेलं, आणि त्याला शिंगं नाहीत. पण डेन्मार्कच्या वेक्सोला १९४२ मध्ये खरी शिंगांची दोन सापडलीत. इसवीसनापूर्वी नऊशेच्या सुमाराची.

पंचगंगाकाठ

मग काय अडचण आहे? पोराला "कांस्ययुगातला डॅनिश" म्हणून उभा करा. परीक्षकांना काय कळतंय.

शनिवारची_शाळा

परीक्षक मुख्याध्यापिकाबाई आहेत आणि त्यांचा विषय इतिहास आहे. शिंगं काढतेय.